एकच हात वर

हाउके ल्यूर्सला स्कीवर डावीकडे वळता यायचं, उजवीकडे नाही. चार हिवाळे आमच्या फेर्नाख गावात काढूनही त्याचं उजवं वळण जमलं नव्हतं. उजवीकडे जायचं असलं की तो थांबायचा, एकेक पाय उचलत जागच्या जागी फिरायचा आणि मग पुढे निघायचा. गावातली शेंबडी पोरं त्याच्या शेजारून सुसाट जाताना त्याच्याच उत्तरेकडच्या बोलीतला नमस्कार म्हणून "मोईन, मोईन" ओरडायची. तोही उलट "मोईन" ओरडायचा. मनाला लावून घेणारा माणूस नव्हता तो.

तो उत्तरेच्या समुद्राकाठच्या ब्रेमरहाफेनचा, बोटी बांधणारा सुतार. एका उन्हाळ्यात डोंगर हिंडायला आला, पावसामुळे वर गिर्यारोहकांसाठी असलेल्या कुटीत अडकला आणि पाऊस थांबल्यावरही उतरला नाही. कारण कुटीचं स्वयंपाकघर ओटीली फाल्काइस चालवते. ती इथलीच, चाळिशीची, उंच आणि मोजकं बोलणारी. बायकांमध्ये तिच्याहून वेगानं स्की करणारी गावात एकच होती, लुत्सिया, खेळाच्या दुकानाची मालकीण. ही एकच अडचण ओटीलीला वर्षानुवर्षं पुरली होती.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडच्या डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद होतात आणि त्याच संध्याकाळी 'शेवटची' होते. शर्यतीला दुसरं नाव आहे, पत्रकावर छापतात, पण ते कुणी घेत नाही. वर खिंडीत चारशे माणसं दोरीमागे उभी राहतात, दोरी उचलली की सगळी एकदम सुटतात. गावात आधी पोचेल तो पहिला. हॉटेलवाले असतात, मास्तर असतात, एका वर्षी पाद्रीबाबाही होते. वाटेत मध्येच एक चढ लागतो. हंगामभर जे खाल्लं-प्यायलं ते तिथे धापा टाकत कबूल करावं लागतं, म्हणून त्याला कबुलीचा चढ म्हणतात. पुरुषांत कोण जिंकतं याचं कुणाला फारसं काही वाटत नाही, दर वर्षी कुणीतरी विशीतला पोरगा जिंकतो. बायकांत मात्र लुत्सिया पहिली आणि ओटीली दुसरी हे चर्चच्या घड्याळासारखं ठरलेलं होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत लुत्सियाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली.

मी डोंगरातल्या बचाव पथकात आहे. शर्यतीच्या दोनच दिवस आधी मी कुटीत कॉफी प्यायला बसलो होतो. ओटीली सूपमध्ये सोडायचे पावाचे गोळे वळत होती, हाउके दाराची बिजागरी काढून बसला होता, आणि कोपऱ्यात ओटीलीचा बाप, म्हातारा क्विरिन, पाइप साफ करत होता.

"तू नाव दिलंस म्हणे," ओटीली म्हणाली.

"दिलं."

"कशाला?"

"सगळे देतात म्हणून."

"सगळ्यांना वळता येतं."

"मलाही येतं. अर्धं."

क्विरिननं पाइप खाली ठेवला. सीमेपलीकडच्या जर्मन माणसाला चिडवायला आमच्याकडे 'पिफके' म्हणतात, आणि क्विरिननं चार वर्षांत हाउकेला दुसरं काही म्हटलं नव्हतं. "अरे पिफके, अर्धा वळलेला माणूस झाडाला अख्खा चिकटतो."

"मी वळणारच नाही, क्विरिन. तुम्ही बघाच. सरळ जाणार."

"सरळ कुठे? इटलीत?"

हाउके हसला. ओटीली हसली नाही. तिनं हात पुसले.

"हे बघ हाउके. या वर्षी लुत्सिया नाहीये. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय ते? मला तुझ्याकडे लक्ष द्यायला जमणार नाही."

"मी कुठे म्हणतोय लक्ष दे?"

"तू म्हणणार नाहीस. पण माझं जाईल. मला माहीत आहे ना, माझं जाईल."

"मग नको जाऊ देऊस," हाउके म्हणाला आणि पुन्हा बिजागरीला लागला.

दोरीमागच्या रांगा चिठ्ठ्या टाकून ठरतात, नाहीतर पुढच्या जागांसाठी मारामाऱ्या होतील. आदल्या संध्याकाळी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये सगळे जमले. हाउकेला अगदी पहिली रांग मिळाली. ओटीलीला चौथी.

"माझी जागा घे," तो तिथेच म्हणाला.

"नको."

"अगं, मला तिथे काय करायचंय? लोक माझ्या अंगावरून जातील."

"नियमात बसत नाही."

नियमात बसत नव्हतं हे खरं, पण त्या संध्याकाळी चारपाच जणांनी उघड उघड जागा बदलल्या होत्या आणि कुणी काही म्हटलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "घ्यायची होतीस की."

"घेतली असती आणि जिंकले असते," ती म्हणाली, "तर अर्धं त्याचं झालं असतं, वेंडल."

हे ती मला म्हणाली. त्याला नाही.

शनिवारी आकाश स्वच्छ होतं. दिवसभराच्या उन्हानं बर्फ मऊ पडला होता आणि सावली आली तिथे वरून पुन्हा कडक होत होता. माझी जागा ठरलेली असते, खिंडीखाली घळीच्या तोंडाशी, जखमींना ओढून न्यायची स्लेज घेऊन. तिथे उतार एकदम उजवीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाळी असते, जाळीमागे जुना बर्फ आणि त्यामागे दगड. मी आतल्या बाजूला उभा होतो.

लुत्सियाला आयोजकांनी माइक दिला होता. घरी बसून ती कुणाशी तरी भांडली असती, त्यापेक्षा हे बरं. ती खाली गावात मचाणावर बसली होती, खिंडीतला माणूस वायरलेसवर तिला सांगायचा आणि ती सगळ्या डोंगराला सांगायची. दर दोनतीनशे पावलांवर खांबाला भोंगे होते.

"दोरी वर गेली!" भोंग्यातून आलं. "सुटले! पुढे कोण आहे? पिवळं जॅकेट आहे म्हणतात. पिवळं कोण घालतं? ... काय? ... पुन्हा सांग." मग थोडा वेळ नुसती खरखर. "लोकहो, हाउके ल्यूर्स पहिला आहे. मी शुद्धीवर आहे. ब्रेमरहाफेन पहिलं आहे!"

खाली गावात जो आरडाओरडा झाला तो मला वरपर्यंत ऐकू आला.

मला तो दिसला तेव्हा त्याच्यामागे थोडंसं अंतर मोकळं होतं. गुडघे वाकवलेले, काठ्या काखेत, पिवळं जॅकेट फुगलेलं, आणि सरळ. बाकीचे वळणासाठी वेग कमी करत येत होते, तो करत नव्हता. त्याला वेग कमी करायचा तर डावीकडे वळावं लागलं असतं, आणि डावीकडून चारशेजणांचा लोंढा येत होता. तोंड उघडं होतं. तो हसत होता की ओरडत होता ते सांगता येत नाही. माझ्यासमोरून तो वाऱ्यासारखा गेला, जाळी त्यानं अशी पार केली जशी ती नव्हतीच, आणि पलीकडे बर्फाचा एक मोठा ढग उठला. ढग बसला तेव्हा एक स्की बर्फात उभी रोवलेली होती आणि हाउके तिच्या खाली आडवा होता.

मला लगेच त्याच्याकडे जाता येईना. मध्ये शर्यत होती. त्या लोंढ्यात स्लेज घेऊन शिरलो असतो तर एकाच्या जागी दहा उचलावे लागले असते. मी वायरलेसवर कळवलं आणि पहिली गर्दी ओसरायची वाट बघत राहिलो. म्हणून पुढचं मी नीट पाहिलं.

ओटीली पहिल्या तीसेक जणांत होती. बायकांत तिच्यापुढे फक्त एक इन्सब्रुकची विद्यार्थिनी, लाल हेल्मेटवाली. भोंग्यातून हाउकेचं नाव ओटीलीनंही ऐकलंच असणार. वळणाशी येताना तिचं डोकं बाहेरच्या बाजूला वळलं. पिवळं जॅकेट लपणारं नव्हतं.

हाउकेनं हात वर केला. एकच, उजवा.

तिनं ब्रेक मारला. दोन्ही स्की आडव्या, बर्फाचा फवारा उडाला, मागचा माणूस तिच्यावर आदळता आदळता वाचला आणि शिवी देऊन गेला. ती थांबली म्हणता येणार नाही, पण जवळजवळ थांबली होती. मग तिनं स्कीची टोकं उजवीकडे फिरवली, काठ्या रोवल्या आणि गेली.

डोंगरात अडकलेल्या माणसासाठी दोन खुणा असतात. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. एक हात वर, एक खाली, म्हणजे नको, पुढे जा. हेलिकॉप्टरवाल्याला वरून कळावं म्हणून. दर नोव्हेंबरात मीच गावात हा वर्ग घेतो, आणि आदल्याच नोव्हेंबरात ओटीलीनं हाउकेला ओढून माझ्या वर्गात आणून बसवलं होतं.

गर्दी विरळ झाल्यावर मी पलीकडे गेलो. त्याचा चेहरा पांढराफटक होता, पण शुद्ध होती.

"पहिला होतो ना?" तो म्हणाला.

"होतास. हलू नकोस. डावा हात वर कर बघू."

"होत नाही. मघाशी पण नाही झाला."

खांद्याजवळचं गळ्याचं हाड तुटलं होतं. कातडीखाली टोक दिसत होतं. मी हात बांधायला घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मघाशी हात वर केलास तो कशासाठी?"

त्यानं बराच वेळ विचार केला. दुखत असतानाही तो प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचा.

"माहीत नाही. ती दिसली म्हणून केला."

वरच्या लिफ्ट बंद झालेल्या, त्यामुळे गावात जायची वाट एकच, शर्यतीची. दोघे मदतनीस आले आणि आम्ही त्याला स्लेजवर बांधून निघालो. कबुलीच्या चढावर तिघांनी ओढलं. हाउके प्रत्येक धापेला "माफ करा" म्हणत होता, शेवटी मी त्याला गप्प राहायला सांगितलं. चढ संपून झाडीत शिरलो तेव्हा भोंग्यातून लुत्सियाचा आवाज आला. त्यानं उजवा हात माझ्या बाहीवर ठेवला. "थांबा जरा."

आम्ही थांबलो.

"...चढावर लाल हेल्मेट पुढे होतं, आता बरोबरीनं आहेत," लुत्सिया सांगत होती. "बर्फाची शेवटची भिंत. स्की काढायच्या, चढायचं, पलीकडे उतरायचं, ओटी, काढ त्या स्की, काढ, मूर्ख बाई, पट्टा सोड आधी! हां. चढली. पोरगी घसरली. पोरगी पुन्हा चढतेय. ओटी पळतेय, चिखलात पळतेय—" आणि मग नुसताच ओरडा, त्यात शब्द नव्हते. आठ वेळा जिला हरवलं तिच्यासाठी लुत्सिया माइकमध्ये ओरडत होती.

हाउकेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखत होतं की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाकी सगळे येऊन गेले होते. शेवटच्या कुरणावर बर्फाचा नुसता राडा उरला होता. शर्यतीची शेवटची रेषा ओलांडल्याशिवाय दवाखान्याच्या गाडीपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही ती ओलांडली.

"आणि शेवटचा," लुत्सिया भोंग्यातून म्हणाली, "पहिल्या वळणापर्यंतचा पहिला. बसून आला, पण आला."

"बसून नाही, झोपून!" क्विरिन गर्दीतून ओरडला. "बाद करा त्या पिफकेला!" पण सगळ्यात आधी स्लेजशी येऊन त्याच्या अंगावर आपला कोट त्यानंच टाकला.

ओटीली गर्दीच्या मध्ये उभी होती. गळ्यात हार होता, हातात बिअरचा पेला होता, तो कुणी दिला ते तिला ठाऊक नसावं. तिला शिवी देऊन गेलेला माणूस शेजारच्या गावचा, हॉटेलवाला, तो तिच्या आधी पोचला होता आणि त्यानं पाहिलेलं सगळं सांगून झालं होतं. त्यामुळे अभिनंदन करणारे तिचा हात हातात घेत आणि जरा लवकरच सोडत. ती स्लेजकडे येऊ लागली तेव्हा लोकांनी वाट करून दिली.

लुत्सिया कुबडी टेकत मचाणावरून उतरली होती. ती आडवी आली.

"ओटी, ऐक. मीसुद्धा थांबले नसते."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. फक्त मला कुणी काही म्हटलं नसतं. माझा नवरा कधी डोंगरावर चढतच नाही."

"बाजूला हो, लुत्सिया," ओटीली म्हणाली.

दवाखान्याच्या गाडीत जागा लहान. मी एका बाजूला पट्ट्या गुंडाळत होतो, ती दुसऱ्या बाजूला बसली. हार अजून गळ्यात होता. चिखल गुडघ्यापर्यंत.

"जिंकलीस," हाउके म्हणाला.

"हो."

"मी ऐकलं. झाडीत."

"काय मोडलंय?"

"गळ्याचं हाड. डावं."

ती त्याच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं हे मला कळलं.

"एकच हात वर होता," ती म्हणाली.

"एकच चालत होता."

"मला वाटलं तू खूण केलीस. जा म्हणून. वेंडलच्या वर्गातली."

"ती मला आठवलीसुद्धा नाही."

"मग काय म्हणत होतास? थांब म्हणत होतास?"

"मी काही म्हणत नव्हतो, ओटी. तू दिसलीस. हात गेला वर." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला खरंच वाटलं का, खूण आहे म्हणून?"

कुठलीही दुसरी बाई हो म्हणाली असती, आणि ते खोटंही ठरलं नसतं. ओटीलीनं हार काढून मांडीवर ठेवला.

"वाटलं," ती म्हणाली. "पण लगेच वाटलं. फार लगेच."

हाउकेनं मान हलवली आणि डोळे मिटले. गाडी सुरू झाली. लान्डेकच्या इस्पितळापर्यंत तिनं हार मांडीवरच धरून ठेवला.

मे महिन्यात आमच्याकडे सगळं बंद असतं. हॉटेलांच्या खिडक्यांना फळ्या, लिफ्टच्या तारांना वंगण, उरलेले लोक एकमेकांना टाळत असतात. हाउकेच्या खांद्यात धातूची पट्टी बसवली होती आणि त्याला रंधा धरता येत नव्हता. तो ब्रेमरहाफेनला बहिणीकडे निघून गेला. दोघं भांडली वगैरे नाहीत. ओटीलीनंच त्याला स्टेशनवर सोडलं, बॅग डब्यात चढवून दिली. पण तो परत केव्हा येणार असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "त्याला विचारा." गावानं आपला अर्थ काढला. बेकरीत दोन तट पडले. माणूस महत्त्वाचा म्हणणारे एकीकडे, आणि मुळात वळता येत नसलेल्यानं नाव द्यावंच का म्हणणारे दुसरीकडे. क्विरिन दुसऱ्या तटात होता, पण तिथले लोक हाउकेला हसू लागले की उठून जायचा.

जूनमध्ये कुटी उघडण्याआधी ओटीली आगगाडीत बसली आणि उत्तरेला गेली. तिनं समुद्र त्याआधी पाहिला नव्हता. आठवडाभर राहिली. तिथे काय झालं ते तिनं मला जुलैत सांगितलं, कुटीच्या मागच्या बाकावर मटार सोलताना, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

तो तिला रोज धक्क्यावर फिरायला न्यायचा. कुठली बोट कसली, लाकूड कुठलं, ते दाखवायचा. खांद्याबद्दल बोलायचा, बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलायचा, शर्यतीबद्दल नाही. शेवटच्या दिवशी भर दुपारी, माशांच्या दुकानासमोर लोक रांगेत उभे असताना, तिनंच तो विषय काढला.

"मी थांबले असते तर बरं वाटलं असतं का तुला?"

"हो," हाउके म्हणाला.

"तू काही म्हणाला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"थांबून मी काही करू शकले नसते. वेंडल तिथेच होता."

"माहीत आहे मला. तरी बरं वाटलं असतं."

रांग पुढे सरकली. तीही सरकली. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी थांबेन असं मी कबूल करू शकत नाही."

"मग नको करूस."

"तुला चालेल?"

"ते मलाही आत्ता सांगता येत नाही," हाउके म्हणाला. नंतर त्यांची पाळी आली आणि त्यानं दोन पाव आणि मासे घेतले, कांदा घालून.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खाल्ले." तिनं मटाराची साल बादलीत टाकली. "मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, विसर. तसं म्हणाला असता तर मी त्याच गाडीनं परत आले असते, वेंडल, आणि पुन्हा गेले नसते."

ती एकटीच परतली होती. उन्हाळा कुटीत गर्दीत गेला. तिच्याकडे पाहून काही कळायचं नाही. ऑगस्टमध्ये एकदा सूप इतकं खारट झालं की गिर्यारोहकांच्या अख्ख्या टोळीनं परत केलं. अशी गोष्ट त्या स्वयंपाकघरात कधी झाली नव्हती. तिनं पातेलं मागच्या उतारावर ओतलं आणि पुन्हा चूल पेटवली.

सप्टेंबरच्या मध्यावर हाउके टपालाच्या बसमधून उतरला. डावा खांदा थोडा खाली, हातात लाकडी पेटी. कुणाला कळवलं नव्हतं. क्विरिन थांब्याशेजारच्या बाकावर बसला होता, मी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरत होतो.

"आलास?" क्विरिन म्हणाला.

"आलो."

"राहायला की सामान न्यायला?"

"वर जाऊन बघतो. ती काय म्हणते ते."

"ती काय म्हणणार. ती काही म्हणते का कधी?" म्हाताऱ्यानं पेटीकडे मान केली. "काय आणलंयस?"

हाउकेनं झाकण उघडलं. धुरी दिलेले वाम मासे, काळे, तेलकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. क्विरिननं एक उचलला, उलटसुलट केला, वास घेतला, सुरीनं तुकडा कापून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"ट्रॅक्टरचं टायर," तो म्हणाला.

मग त्यानं दुसरा तुकडा कापला, जरा मोठा, आणि बाकावर सरकून जागा केली. "बस, हाउके. वर जायची गाडी यायला वेळ आहे अजून."

हाउके बसला.